जमिनीचं धुवण

गोदूबाईंना कुणी विचारलं, तुमचं घर कुठं, तर त्या इमारतीचं नाव सांगत नाहीत. "उघाडीवर," म्हणतात. रिक्षावाला मान वळवून बघतो. त्याला ना उघाडी ठाऊक, ना तिच्यामागचं शेत. मग शेजारी बसलेली सून, जागृती, हळूच सोसायटीचं नाव सांगते आणि रिक्षा सुटते.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. भरती आली की खाडीच्या रेट्यानं ते मिटायचं आणि ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्या रेट्यानं उघडायचं. खारी गावात गोदूबाईंच्या सासऱ्यांचं, बाबाजींचं, पाच एकर भातशेत होतं आणि त्या शेताच्या बांधाला असं एक सागाचं दार होतं. आता त्या दाराच्या जागी स्कूटरी उभ्या राहतात आणि शेतावर तीन विंगची इमारत उभी आहे. जमीन गेली तेव्हा घरच्यांना बी विंगमध्ये पहिल्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. दीर-जावांनी हॉल केवढा, गॅलरी केवढी ते विचारलं. गोदूबाईंनी एवढंच मागितलं, की माझी खिडकी बांधाच्या बाजूची असू द्या.

त्या खिडकीतून इमारतीचा बगीचा दिसतो. दोन गुंठ्यांचा असेल. पाच एकरांपैकी आभाळाला उघडी राहिलेली तेवढीच जमीन. सकाळचा चहा गोदूबाई तिच्याकडे बघत पितात. त्यांचे मालक, काशीनाथ, जाऊन अकरा वर्षं झाली. ते होते तेव्हा दोघं मिळून बघायची. "इथं नांगर वळायचा," ते म्हणायचे. "न्हाय, त्या दिव्याच्या खांबाशी वळायचा," त्या म्हणायच्या. वाद कधी मिटला नाही आणि मिटावा असं दोघांनाही वाटत नव्हतं.

जानेवारीत त्या बगीच्यावरून नोटीस लागली. जागृतीनं जिन्यातल्या फळ्यावर वाचली आणि वर येऊन सांगितलं, "आई, बगीचा काढतायत. काही जगत नाही म्हणे तिथं. पेव्हर ब्लॉक बसवणार. मार्चच्या मीटिंगमध्ये ठरणार आहे."

"ब्लॉक म्हंजे ते लाल ठोकले असतात ते?"

"हो. सगळीकडे तेच बसतायत आता."

गोदूबाई खिडकीशी गेल्या. बगीच्यात खरंच काही जगत नव्हतं. जास्वंदीची पानं कडेनं करपली होती. हिरवळ म्हणून लावलेलं गवत ठिकठिकाणी पिवळं पडलं होतं आणि मधल्या उघड्या मातीवर पांढरी साय धरली होती. लोकांना ती बुरशी वाटायची. गोदूबाईंना ती कळायला खिडकीतून खाली उतरावंसुद्धा लागलं नाही. ती त्यांच्या लहानपणाची ओळखीची होती.

भायंदर पश्चिमेचा मोरवा हे गोदूबाईंचं माहेर. वडील मिठागरावर राबायचे. उधाणाचं पाणी आत घेतलं की एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवायचं, आणि पसरायचं ते पातळ, घोट्याच्या वर नको. ऊन पाणी पिऊन जाई, मीठ मागे ठेवी. पण त्याआधी वाफ्याचा तळ बांधावा लागे. ओला चिखल पायांनी तुडवून तुडवून असा घट्ट करायचा, की थेंबसुद्धा खाली मुरता कामा नये. आठ-नऊ वर्षांची गोदू आईच्या मागोमाग तुडवायची. मिठाचं पाणी टाचांच्या भेगांत शिरलं की डोळ्यांत पाणी यायचं. आई म्हणायची, "रड, रड, तेवढंच मीठ वाढंल." आणि दोघी हसायच्या.

सतराव्या वर्षी लग्न होऊन ती खारीला आली आणि इथं सगळं उलटं निघालं. माहेरी मीठ वर आणायचं काम, सासरी तेच मीठ खाली घालवायचं. खाडीकाठची जमीन, उन्हाळाभर तिच्या पोटातला खार भेगांतून वर चढलेला असायचा. पावसाळा लागला की बाबाजी शेत काठोकाठ भरू द्यायचे, दोन दिवस पाणी मुरू द्यायचे आणि ओहोटी साधून उघाडीनं सोडून द्यायचे. परत भरायचं, परत सोडायचं. पाणी खार घेऊन निघून जायचं. या कामाला घरात धुवण म्हणत. तांदूळ धुतल्यावर जे पाणी फेकतो तेही धुवण आणि जमिनीचं तेही धुवण. शेजारच्या गावातली माणसं हसायची, एवढं गोड पाणी खाडीला कसं देता म्हणून. बाबाजी धुवण देत राहायचे. भादव्यात त्यांचं भात बघून हसणारे आपोआप गप्प व्हायचे.

धुवण किती वेळा द्यायचं, हे बाबाजी जिभेवर ठरवायचे. उघाडीतून निघणाऱ्या पाण्यात बोट बुडवून टेकवायचं, थुंकायचं. पण म्हातारपणी तंबाखूनं त्यांची जीभ मेली. नव्या सुनेच्या दुसऱ्या पावसाळ्यात ते बांधावर उभे होते. सून डोक्यावर भाकरी घेऊन आली, तशी म्हणाले, "मोरव्याची हायस ना तू? मिठाच्या घरची. बग जरा, उतरला का?"

तिनं बोट बुडवलं. जिभेला लावलं. सासऱ्यांसमोर बोलायची सवय नव्हती. खाली बघून म्हणाली, "अजून हाय. एक धुवण लागंल."

बाबाजींनी एक धुवण दिलं. परत विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "उतरला." आणि दुसऱ्या दिवशी लावणी लागली. त्या दिवसापासून तेवीस पावसाळे गोदूबाईंच्या जिभेवर पाच एकरांची लावणी ठरत होती. गावातले दुसरेही कधी आपल्या शेताचं पाणी वाटीत घेऊन यायचे. त्या चाखून सांगायच्या. घरात त्यांना कोणी फार विचारायचं असं नाही, पण त्या एका शब्दासाठी मोठी मोठी माणसं बांधावर थांबायची. "उतरला," एवढाच शब्द. जमीन गेली तेव्हा तो बोलायची वेळच उरली नाही.

तर आता, जानेवारीच्या उन्हात, गोदूबाई काठी टेकत खाली बगीच्यात गेल्या. माळी चंदन पाइपाच्या तोंडावर अंगठा धरून पाण्याचा फवारा उडवत होता.

"रोज मारतोस?" त्यांनी विचारलं.

"रोज, अम्मा. शाम को पाच मिनट. सेक्रेटरी साहब का ऑर्डर है."

"पानी कंचा? बोअरचा?"

"बोअर का. नळाचा पानी गार्डन को नहीं मिलता."

गोदूबाईंनी पाइपाखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं. मग चिमूटभर माती लावली. थुंकून पदरानं ओठ पुसले. चंदन बघतच राहिला.

"पाच मिनटांत पानी बोटभर जातं खाली. मंग ऊन त्याला वर वढतं," त्या म्हणाल्या. "पानी उडतं, खार बसतो. उद्या तू परत पाच मिनटं मारतोस. अरे, तू बाग करीत न्हायस, मीठ पिकवतोस."

चंदनला अर्धं कळलं. त्यानं कोपऱ्यातली पांढऱ्या खताची गोणी दाखवली. "खाद भी डालता हूँ, अम्मा. हर हफ्ते."

"तो बी खारच. जखमेवर जखम."

हे बोलणं बाकावर बसलेल्या सुचेताबाई ऐकत होत्या. त्या सी विंगमधल्या, परळहून आलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. गॅलरीत त्यांच्या चौदा कुंड्या होत्या आणि चौदाही रडत होत्या. त्या उठून आल्या. "गोदूताई, माझ्या कुंड्यांवर पण असंच पांढरं येतं हो. काठावर. मी तर रोज मापानं एक कप पाणी घालते, न चुकता."

"चल बाय, दाखव."

गॅलरीत गोदूबाईंनी मोगऱ्याची कुंडी उचलली, खालची बशी बाजूला केली आणि कुंडी सरळ बाथरूममध्ये नेऊन नळाखाली ठेवली. सुचेताबाई कळवळल्या. "अहो मुळं कुजतील."

"बुडाला भोक हाय ना? मंग न्हाय कुजत."

पाणी वरून भरलं, खालून निघालं. आधी तांबूस, मग पिवळट, मग स्वच्छ. तीन वेळा भरलं, तीन वेळा निथळू दिलं. "आता माती सुकल्याबिगर हात लावू नको. आन् देशील तवा खालून वाहीपर्यंत दे. कप कपाटात ठेव." मग बशीतलं जुनं पाणी त्यांनी मोरीत ओतलं. "ह्यो बशीतला पानी परत वर चढतो बग. फेकलेला खार कुनी घरात ठेवतो का?"

पंधरा दिवसांत मोगऱ्याला पोपटी फूट आली. सुचेताबाईंनी तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि सेक्रेटरीच्या घरी जाऊन बसल्या.

सेक्रेटरी अभिनव बत्तीस-तेहतीस वर्षांचा, कंपनीत नोकरी करणारा, माणूस वाईट नव्हता. त्यानं बगीच्यात तीनदा झाडं लावली होती आणि तिन्हीदा ती मेली होती. तो म्हणाला, "मॅडम, कुंडी वेगळी, गार्डन वेगळं. आणि धुवायला गोडं पाणी कुठून आणू? लोक मला धुतील."

त्याचं उत्तर गोदूबाईंकडे तयार होतं. फेब्रुवारीपासून तिन्ही विंगच्या टाक्या धुतात, एक रविवार सोडून एकेक. दरवेळी टाकीतलं उरलेलं हजारो लिटर नळाचं पाणी गटारात जातं. "ते मना दे," त्या म्हणाल्या. "औषध टाकून घासायच्या आधीचं. मना दोन गुंठे बी नको. अर्धाच दे. तिथं काय उगवलं न्हाय, तर मीच पयला हात वर करीन तुज्या ब्लॉकला."

अभिनव हसला. "डन, आजी."

पुढच्या रविवारी ए विंगची टाकी उघडली. गोदूबाईंनी दोन दिवस आधीच चंदनकडून अर्ध्या गुंठ्याला वीतभर उंच बांध घालून घेतला होता. बोअरचा पाइप बंद केला, खताची गोणी उचलायला लावली. "धुवण देताना खत टाकलं तर ते बी धुवणाबरोबर जातं. मुळाला काय मिलत न्हाय, खाडीतले मासे मरतात," त्यांनी सांगून ठेवलं. पाणी वाफ्यात शिरलं आणि कडेकडेनं पसरत गेलं. गोदूबाई बाकावर बसून बघत होत्या. तीस वर्षांनी त्या जमिनीवर आभाळ दिसत होतं. इमारतीची एक कड, पाण्याची टाकी, एक कावळा, सगळं उलटं होऊन पाण्यात पडलं होतं. त्यांचा मुलगा राज गॅलरीतून हाक मारत राहिला, "आई, जेवायला ये." त्या उठल्या नाहीत.

पण पाणी मुरलं नाही.

सोमवारी होतं तितकंच. मंगळवारी बोटभर कमी. गुरुवारी मच्छरांची तक्रार ग्रुपवर आली, शुक्रवारी दुसरी. नवव्या दिवशी वाफा सुकला आणि त्यावर आधीपेक्षा जाड, चमकदार पांढरा थर बसला. गोदूबाईंनी कडेला टाकलेली मेथी उगवलीच नाही.

अभिनव ऑफिसला निघाला होता. थांबला, बुटाच्या टोकानं थर खरवडला. "आजी," तो म्हणाला, "हे तर मिठागर झालं."

त्याला मोरवा ठाऊक नव्हता, गोदूबाईंचे वडील ठाऊक नव्हते. तो गंमत करून निघून गेला. गोदूबाई मात्र तिथंच बसल्या. लागायचं तिथंच लागलं होतं. आपण खरंच माहेरचं काम सासरच्या जमिनीवर केलं. बांध घातला, पाणी पसरलं आणि उन्हात ठेवलं. मिठागरात अगदी असंच करतात. वयानं डोकं गेलं की काय, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी त्यांनी खिडकीचा पडदा लावून घेतला. जागृतीनं चहा आणला तर म्हणाल्या, "ब्लॉक बसवू दे गं त्यांना. मना काय कलत न्हाय."

तीन दिवस पडदा उघडला नाही. चौथ्या दिवशी सुचेताबाई एक कुंडी पोटाशी धरून वर आल्या. "गोदूताई, ही बघा. बाकी सगळ्या सुधारल्या, ही एकच मेली. तुम्ही सांगितलं तसंच केलं हो मी. हिच्यात पाणी नुसतं तुंबून राहतं."

गोदूबाईंनी कुंडी उलटी केली. बुडाच्या भोकात सिमेंटचा गोळा अडकला होता. कारखान्यातच राहिलेला. त्यांनी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि त्याच्या टोकानं गोळा फोडला. भसकन काळं पाणी त्यांच्या साडीवर आलं.

त्या साडीकडे बघत राहिल्या. मग सुचेताबाईंकडे. मग उठून त्यांनी पडदा सर्रकन ओढला.

"बाय," त्या म्हणाल्या, "मी उघाडीच इसरले."

बाबाजींच्या शेतात पाणी भरायला कोणीही भरलं असतं. कसब होतं ते सोडण्यात. आणि आता त्या बगीच्याच्या लाल मातीखाली काय होतं? बिल्डरनं भराव टाकला होता, विटांचे तुकडे, रेती, चिखल, आणि वरून रोलर फिरवला होता. मिठागराच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवतात, इथं तो रोलरनं तुडवला होता. खाली वाट नाही, बाजूला वाट नाही. पाणी जाणार कुठं? वरच्या वर उडून जाणार आणि खार ठेवून जाणार.

दोघी खाली उतरल्या. कंपाउंडच्या कोपऱ्यात, पंपाच्या खोलीमागं, एक भेंडीचं झाड आहे. खाडीकाठी आपोआप येतं ते, पिवळ्या फुलांचं, खार सोसणारं. बिल्डरनं सगळं तोडलं, ते कोपऱ्यात होतं म्हणून राहिलं. गोदूबाईंनी त्याच्या खोडाला हात लावला. "हिच्या सावलीत उघाडी. इथं बसून आमचे मालक खेकडे धरायचे."

"पण आता इथून पाणी जाईल का?" सुचेताबाईंनी विचारलं.

"पावसात स्कूटरी कुठं बुडतात?"

सुचेताबाई एकदम थांबल्या. "इथंच."

"मंग? पानी अजून इथंच येतं. दार काढलं म्हनून उतार बदलत न्हाय. पाहुना येऊन उभा हाय बिचारा, दार उघडायला कोन न्हाय."

भिंतीपलीकडे पालिकेचा नाला होता, दोन हात खोल. भिंतीच्या बुडाशी बिल्डरनंच ठेवलेलं एक भोक होतं, मातीनं गच्च भरलेलं. चंदननं पहारीनं ते मोकळं केलं. मग अर्ध्या गुंठ्याच्या दोन्ही बाजूंनी आणि मधून चर खणायचे होते, गुडघाभर खोल, सगळे उतरत उतरत भेंडीकडे. भराव कडक होता. पहिल्या दिवशी चंदनच्या हाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी राज शर्टच्या बाह्या दुमडून आला. ऑफिसात संगणकासमोर बसणारा माणूस, चार घाव घातले आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बाबाजींचा नातू शोभतोस," आई म्हणाली. "ते बी चार घाव घालून उभे राहायचे. फरक इतकाच, का ते आधी दोन एकर करून यायचे."

राज हसला आणि परत वाकला. चरांत विटांचे तुकडे आणि खडी भरली, वर नारळाच्या झावळ्या, त्यावर माती. वाफ्याचा वरचा पांढरा थर गोदूबाईंनी आधीच खरवडून पाट्यांत भरला होता. खालचा कडक थर त्यांनी टिकावानं फोडून घेतला, म्हणजे पाण्याला शिरायला फटी मिळतील.

त्या रविवारी बी विंगची टाकी होती. तोवर बगीच्याची गोष्ट ग्रुपवर पोहोचली होती आणि गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती. वाफा भरला. गोदूबाई या वेळी बाकावर बसल्या नाहीत. भेंडीखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून, भिंतीच्या भोकाकडे तोंड करून बसल्या. एक तास गेला. दीड तास गेला. अभिनव घड्याळ बघत येरझारा घालत होता. त्याला त्या दिवशी सासुरवाडीला जायचं होतं, पण पाय निघत नव्हता.

मग भोकातून करंगळीएवढी धार सुरू झाली. तांबूस, फेसाळ.

गोदूबाईंनी बोट पुढे केलं, जिभेला टेकवलं, थुंकल्या. त्यांचं तोंड असं वाकडं झालं, की चंदनलाच हसू आलं.

"काय आजी?" अभिनवनं विचारलं.

"खारट. लोणच्याच्या बरनीसारखं." आणि त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "चाललाय, पोरा. चाललाय खार. जा तू सासुरवाडीला."

संध्याकाळपर्यंत वाफा रिकामा झाला होता. गोदूबाईंनी त्यावर सुक्या पानांचा जाड थर अंथरायला लावला, म्हणजे उन्हाला परत खार वर ओढता येऊ नये. पंधरा दिवसांनी सी विंगचं पाणी आलं. त्या दिवशी भेंडीखाली एक खुर्ची पुरली नाही. सुचेताबाई होत्या, जागृती होती, ग्रुपवर मच्छरांची तक्रार करणारे एक काकाही होते. अभिनव मोबाइल खिशात घालून उभा होता. आठवड्यावर मीटिंग आली होती आणि सगळ्यांना ठाऊक होतं, की ब्लॉकवाल्याला त्यानं सोमवारी बोलावलंय.

धार लागली. पहिली बादलीभर गोदूबाईंनी जाऊ दिली, दुसरीही जाऊ दिली. शेवटी त्यांनी वाकून बोट धरलं. जिभेला लावलं आणि डोळे मिटले. मग परत एकदा लावलं. एकाहत्तर वर्षांची जीभ, त्यांनाच तिचा भरवसा उरला नव्हता. ती खोटं बोलली तर खिडकीबाहेर लाल ब्लॉक, मरेपर्यंत.

"उतरला का, आजी?" अभिनवनं विचारलं.

त्याला तो शब्द कुणी शिकवला नव्हता. पंधरा दिवस त्यांच्याच तोंडून ऐकून त्याच्या जिभेवर बसला होता. पण गोदूबाईंना क्षणभर वाटलं, बांधावर कुणीतरी खाकरलं, आणि भाकरीचं टोपलं अजून डोक्यावरच आहे. त्यांनी डोळे उघडले आणि सवयीनं खाली बघितलं.

"उतरला," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मेथी पेरली. सुचेताबाईंनी एक ओळ मुद्दाम बाहेरच्या, न धुतलेल्या मातीतही टाकली. "शाळेत असंच शिकवायचे मी," त्या म्हणाल्या, "दोन्ही दाखवल्याशिवाय कोणी मानत नाही." चौथ्या सकाळी गोदूबाई खिडकीशी आल्या तर वाफ्यावर हिरवी धूसर रेघ होती. बाहेरच्या ओळीत काही नव्हतं. त्यांनी जागृतीला हाक मारली आणि खाली वाफ्याकडे बोट दाखवलं.

मीटिंगमध्ये वाद झाला. लहान मुलांना सायकल चालवायला जागा हवी होती, ती मागणीही खोटी नव्हती. शेवटी दीड गुंठ्यावर ब्लॉक बसले आणि अर्धा गुंठा मातीचा राहिला. हात वर करायची वेळ आली तेव्हा गोदूबाईंनी ब्लॉकला विरोध केला नाही. शब्द अर्ध्या गुंठ्याचाच दिला होता. मार्च सरता सरता लाल ठोकळे बसले. ठोकायचा आवाज तीन दिवस चालला आणि तीन दिवस त्यांनी पडदा उघडाच ठेवला. बाबाजींच्या पाच एकरांतला अर्धा गुंठा. काशीनाथ असते तर म्हणाले असते, नांगर वळायची जागा तरी राहिली. आणि ती खांबाशी नसून भेंडीकडे होती, हेही म्हणाले असते.

आता तिथं वांगी आहेत. रोपं लावताना चंदन ती वरंब्याच्या माथ्यावर लावायला निघाला होता. गोदूबाईंनी काठीनं त्याचा हात अडवला. "माथ्यावर नको. पानी सरीतून चढतं आन् खार माथ्याला जाऊन बसतो. पोराला कुशीत घेतात तसं लाव, वरंब्याच्या कुशीला." त्यानं तशी लावली. पाणी बोअरचंच आहे, दुसरं कुठून येणार. पण आता ते आठवड्यातून एकदा, भेंडीकडची धार लागेपर्यंत देतात, आणि खत चिमटीनं, पाणी दिल्यावर.

जुलैच्या एका सकाळी जिन्यातल्या फळ्यावर नवी नोटीस लागली. पावसाचे दिवस होते आणि त्या वर्षी कोपऱ्यातल्या स्कूटरी बुडाल्या नव्हत्या. त्यामुळे लोक पार चराच्या तोंडापर्यंत गाड्या लावू लागले होते. जागृती दूध घेऊन येत होती. गोदूबाई मागून जिना चढत होत्या, एक हात कठड्याला.

"काय लिवलंय?"

जागृतीनं वाचलं. "सर्व सभासदांना कळवण्यात येते, की उघाडीसमोर गाड्या लावू नयेत. सेक्रेटरी."

गोदूबाई पायरीवर थांबल्या. दम लागला होता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

"परत वाच," त्या म्हणाल्या.